नमुन्याच्या कागदावरची शिडी

माझ्यामुळे एक माणूस खासदार झाला, अशी वदंता आमच्या पालघर भागात एके काळी होती. ती मी उठवलेली नव्हती. पण मोडून काढायची घाईही केली नाही, हे कबूल करतो. आयुष्यभर पोरांना आंबे आणि घागरी काढायला शिकवणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरच्या वाट्याला एवढी मोठी अफवा एकदाच येते. आता ती आठवणारा बहुधा मी एकटाच उरलो आहे. तेव्हा खरं काय झालं ते सांगून मोकळं व्हावं, असं वाटतं.

संपादकांनी शाळेतल्या नोकरीवर लिहायला सांगितलं होतं. पण शाळेत काय घडतं? घंटा होते. मला लिहायचं आहे ते दोन-अडीच महिन्यांच्या एका कामाबद्दल. तेव्हा माझ्यासमोर मुलं नव्हती, त्यांचे आईबाप आणि आजे-आज्या होत्या, आणि शिकवायचा विषय होता मत कसं द्यायचं.

साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका एकदम व्हायच्या होत्या. आजच्या वाचकाला ठाऊक नसेल, पण त्याआधी आमच्याकडे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पडद्यामागे पेट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर चिन्हाचं चित्र डकवलेलं. हातातली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची की झालं. काही भाविक माणसं पेटीला हात जोडत, चिठ्ठीबरोबर फूलही आत टाकत. आता पद्धत बदलली. पेटी एकच. एका कागदावर सगळ्या उमेदवारांची नावं आणि चिन्हं. आपल्या पसंतीच्या चिन्हावर रबरी शिक्का मारायचा, घडी घालायची आणि कागद पेटीत टाकायचा. असे कागद दोन. लोकांनी त्यांचं बारसं लगेच केलं, दिल्लीचा कागद आणि मुंबईचा कागद. मी जे सांगतो आहे ते दिल्लीच्या कागदाचं.

हे सगळं गावोगाव जाऊन शिकवणार कोण? मास्तर. साथ आली, खानेसुमारी आली, मंत्री आला, की सरकारला मास्तर आठवतो. त्यातून मी चित्रांचा मास्तर, म्हणून नमुन्याचा कागदही मीच तयार करायचा होता. कचेरीतल्या अव्वल कारकुनांनी, म्हणजे तिथल्या मुख्य कारकुनांनी, एकच बजावलं, ‘‘कुठल्याही पक्षाचं चिन्ह घेऊ नका. नाहीतर तुम्ही आणि मी, दोघंही घरी.’’ त्यांनी हातात एक परिपत्रक ठेवलं. ते मी वाचलं, आणि पक्षांची सगळी चिन्हं टाळून चार चित्रं काढली. शिडी, कासव, पतंग आणि कंदील. शिडी सगळ्यांत वर, कारण सरळ रेघांची असल्यामुळे सायक्लोस्टाइलवर तीच सर्वांत स्वच्छ उठायची. कासवाचं प्रत्येक वेळी भजं होई.

सायकलला पिशवी अडकवून मी निघालो. पिशवीत नमुन्याचे कागद, एक शिक्का, शाईची गादी आणि पत्र्याचा जुना डबा. त्या डब्याला वरून फट पाडून घेतली होती. ती माझी मतपेटी.

पहिलं गाव माहीम; मुंबईचं नव्हे, आमच्या किनाऱ्यावरचं. बाया बोंबील सुकवायच्या वलांडीखाली जमल्या. सोय म्हणून मी म्हटलं, ‘‘समजा, तुम्हाला शिडीवाला पसंत आहे,’’ आणि शिडीवर शिक्का मारून दाखवला. मग ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटू नये म्हणून घडी कशी घालायची ते दाखवू लागलो. हिराय नावाची एक कोळीण पुढे बसली होती. वय पन्नाशीचं, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. ती म्हणाली, ‘‘एवडा कशाला? वाऱ्यावर धर ना. सुकला की घडी कर.’’ सुकवण्याच्या बाबतीत मी त्यांना काय शिकवणार? पुढे प्रत्येक गावात मी हिरायची पद्धत सांगितली. सरकारी सूचनेपेक्षा ती सोपी होती.

केळवं, माकुणसार करत मी किनारपट्टी संपवली. माकुणसारला एका वाण्यानं माझा नमुना दुकानाच्या दाराला खळ लावून डकवून ठेवला. मला बरं वाटलं. माझं चित्र घराबाहेर कुणी लावण्याची ती पहिलीच वेळ.

मग डोंगराकडचे पाडे. उमरोळीला गाडीतून उतरायचं आणि पूर्वेला चालत सुटायचं. तिथे अडचण वेगळी होती. मी शाईची गादी उघडली की माणसं हात मागे घ्यायची. एका पाड्यावर तर निम्मी माणसं उठून गेली. जिवली नावाची एक बाई मात्र अगदी पुढे बसून राहिली. चाळिशीची असावी; कपाळावर गोंदण, कडेला बोरूच्या काठ्यांचा भारा. तिला विचारलं, ‘‘का गं, काय झालं?’’

‘‘माज्या सासऱ्यानं अंगठा दिला,’’ ती म्हणाली, ‘‘आन् शेत गेला.’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाई आणि कागद म्हटला की त्यांच्यापुढे अंगठा उभा राही. मी शिक्का तिच्या हातात दिला. सांगितलं, इथे अंगठा द्यायचाच नाही. दिलास तर मत बाद. नाव नाही, अंगठा नाही, हा कागद कुणाचा ते सरकारलाही कळत नाही. तिनं शिक्का उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि विचारलं, ‘‘सरकारला बी नाय कलत?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग बरा हाय.’’ तिनं उठून गेलेल्यांना हाका मारून परत बोलावलं. त्यानंतर मला फारसं बोलावंच लागलं नाही. तीच एकेकाला सांगू लागली, हितं शिडीवं मार, वाऱ्यावं धर, घडी कर. पाचवीच्या वर्गाला मी त्रिकोण शिकवायला जेवढा वेळ घेई, त्याच्या निम्म्या वेळात पाडा तयार झाला.

आता उमेदवाराकडे येतो. दोन मोठ्या पक्षांचे दोन उमेदवार होते आणि तिसरे अपक्ष, म्हणजे कुठल्याच पक्षाचे नसलेले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लोकही कधी घेत नसत. सगळे त्यांना ढोरडॉक्टर म्हणत. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. बुळकांड्याची साथ आली की औषधांची पेटी खांद्याला लावून पाड्यापाड्याला टोचणी करत चालत जायचे. जिल्ह्यातला असा गोठा नव्हता जिथे ते वाकले नव्हते. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, यांनी लोकसभेचा अर्ज भरला. घरचं थोडं भातशेत मोडून खर्चाची सोय केली होती. पडले असते तर म्हातारपणी दारोदार टोचण्या देत फिरायची पाळी होती, आणि हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

एकदा ते मला उमरोळीच्या फलाटावर भेटले. गाडीला वेळ होता. अपक्षांबद्दल मला फार कुतूहल होतं, म्हणून विचारलं, ‘‘डॉक्टर, समजा निवडून आलात. तिथे सगळे घोळक्याघोळक्यानं बसणार. तुम्ही एकटे काय करणार?’’

‘‘गोठ्यात शिरताना मी एकटाच असतो की हो,’’ ते म्हणाले. ‘‘बैल लाथ मारायची ती मारतोच. पण दुखतंय कुठे ते विचारायला एकटा माणूस पुरतो.’’

मी हसलो, पण मनात म्हटलं, हे काही येत नाहीत. कारण अपक्षाचं खरं दुखणं निराळंच असतं. पक्षाचं चिन्ह ठरलेलं असतं. भिंती महिनामहिना आधी रंगतात. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर, मतदान तोंडावर आलं की. जिथे दहातल्या आठांना नाव वाचता येत नाही तिथे त्या थोड्या दिवसांत दर्यापासून डोंगरापर्यंत चिन्ह पोचवायचं, म्हणजे भर उन्हात ओंजळीनं शेत शिंपायचं. गुरांच्या डॉक्टरला बैल मिळाले असते तर शोभलं असतं, पण ते आधीच दुसऱ्या कुणाचे झालेले होते.

चिन्हांची यादी कचेरीच्या फळ्यावर लागली तेव्हा मी सहज पाहायला गेलो. ढोरडॉक्टरांच्या नावापुढे शिडी होती.

पायाखालची जमीन सरकली, असं कथांतून वाचलं होतं. त्या दिवशी ती खरोखर सरकते हे कळलं. घरी येऊन परिपत्रक काढलं. पुढच्या पानावर पक्षांची चिन्हं होती, ती मी टाळली होती. मागच्या पानावर अपक्षांसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या चिन्हांची यादी होती. तिच्यात शिडी होती. मी पान उलटलंच नव्हतं. मुलांना मी रोज सांगत असे, चित्र काढण्याआधी वस्तू चारी बाजूंनी पाहा.

दोन महिने, गावोगाव, सरकारी खर्चानं, मी माणसांना शिडीवर शिक्का मारायला शिकवत होतो. कचेरीत जाऊन सरळ सांगितलं असतं तर गावोगाव दवंडी पिटून चूक निस्तरता आली असती. पण मग चूक माझ्या नावावर लागली असती, आणि नोकरीत कायम होऊन मला दोनच वर्षं झाली होती. मी कुणालाही बोललो नाही. ठरवलं की आपली आपण निस्तरायची.

दिवस थोडे होते. सगळीकडे पुन्हा जाणं शक्य नव्हतं. तेव्हा मी मनाशी एक वाटणी केली. किनाऱ्यावरची माणसं बाजारात जातात, चार ठिकाणी ऐकतात, ती फसायची नाहीत. डोंगरातली माणसं भोळी. सांगितलं तसंच करतील. तेव्हा आधी डोंगरात जायचं. ही वाटणी करताना मला आपण फार समंजस आहोत असं वाटत होतं. आज ती आठवली की कानशिलं तापतात.

दहा-अकरा पाडे मी चार दिवसांत पालथे घातले. प्रत्येक ठिकाणी एकच सांगत होतो, ‘‘ती शिडी विसरा. ती नुसती शिकण्यापुरती होती, खरी नव्हे. खऱ्या कागदावर ज्याला द्यायचं त्याला द्या.’’ मला वाटे, वाक्याचे दोन्ही भाग सारखेच ऐकू जातात.

जिवलीच्या पाड्यावर गेलो तेव्हा ती भात कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं.

‘‘शिडी इसरायची?’’

‘‘हो, विसरायची.’’

‘‘तूच सांगितलास ना, शिडीवं मार?’’

‘‘ते शिकण्यापुरतं गं. आता विसर.’’

‘‘सरकार सांगते का तू सांगतेस?’’

मी घाईत होतो. उन्हं कलायच्या आत आणखी एक पाडा उरकायचा होता. म्हटलं, ‘‘मी सरकारचाच माणूस ना?’’

 मुसळ पुन्हा सुरू झालं.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक दूर भलतीकडेच होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ पडद्यामागून डोकं काढून ओरडले, ‘‘माज्या माणसाची पेटी कुठं लपवली?’’ आणि एका बाईनं शिक्का कमरेला खोचून घरी नेला, तो तिच्या मागे पळून परत आणावा लागला. या गमती पुष्कळ आहेत. पण त्या दिवशी माझं लक्ष त्यांच्यात नव्हतं.

मोजणी झाली. ढोरडॉक्टर निवडून आले. फरक इतका थोडा की दोन्ही मोठ्या पक्षांच्या माणसांनी दोनदा मोजायला लावलं. हार आणलेल्यांनी हार तसेच परत नेले, आणि डॉक्टरांच्या गळ्यात घालायला कुणी काही आणलंच नव्हतं, म्हणून एका शेतकऱ्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून त्यांना घातली. हे मी पाहिलेलं नाही. ऐकलं, आणि ते खरंच असावं असं मला वाटतं.

आठवडाभरात वदंता पसरली. मास्तरनं शिडी शिकवली, लोकांनी शिडी मारली. पानाच्या गादीवर माणसं माझ्याकडे बघून गालात हसायची. एकानं तर ‘‘पुढच्या खेपेला आमच्या मेव्हण्याचं बघा’’ अशी गळ घातली. खरं सांगायचं तर आतून भीती वाटत होती, आणि तिच्या शेजारीच थोडा अभिमानही बसला होता. दोघं एका बाकावर बसतात, हा माझा अनुभव आहे.

मग हरलेल्या दोन पक्षांपैकी एकाचे वकील घरी आले. कोटाच्या खिशातून त्यांनी माकुणसारच्या वाण्याच्या दारावरून सोडवून आणलेला माझा नमुना काढला आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला. कडेला खळ अजून चिकटलेली होती.

‘‘चित्र छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मास्तर, सरकारी नोकरानं एका उमेदवाराचं चिन्ह गावोगाव फिरवलं. आम्ही कोर्टात जाणार. निवडणूक रद्द होईल. तुम्ही फक्त जे घडलं ते सांगायचं. मुद्दाम केलं असं आम्ही म्हणणारच नाही. तुमची नोकरी सांभाळायची जबाबदारी माझी.’’

मी आठ दिवस मागून घेतले. कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या शिडीमुळे ते निवडून आले असतील तर गप्प बसणं हा खोटेपणा होता. तसं नसेल तर माझ्या एका साक्षीनं एका भल्या माणसाची जागा जाणार होती, आणि जागेसाठी त्यांनी शेत घातलं होतं. झोप उडाली. शेवटी ठरवलं, आपण शिकवलं त्याचं काय झालं हे शिकवणाऱ्यानंच जाऊन तपासावं. परीक्षा घेतल्यावर पेपर तपासतो तसं.

तेव्हा मोजणी केंद्रवार व्हायची, त्यामुळे कुठल्या गावानं काय केलं ते सगळ्यांना कळे. वकिलांनी माझ्यावर छाप पाडायला स्वतःच आकड्यांचा तक्ता ठेवला होता. तो मी पुढ्यात घेतला. गावांचे तीन ढीग केले. तारापूरकडची, जिथे मी कधीच गेलो नव्हतो. माहीम-केळव्याकडची, जिथे एकदा गेलो होतो. आणि डोंगरातली, जिथे दोनदा.

जिथे गेलोच नव्हतो आणि जिथे एकदा गेलो होतो, तिथे शिडीची मतं जवळपास सारखीच निघाली. म्हणजे माझ्या शिकवण्यानं काडीचाही फरक पडला नव्हता. सुटकेचा श्वास टाकला, आणि कबूल करतो, थोडं वाईटही वाटलं.

खात्री करून घ्यायला माहीमला गेलो. कुणाला मत दिलं हे विचारायचं नसतं, ते मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, ‘‘हिराय, मी तुम्हाला शिडीवर शिक्का मारायला शिकवलं, म्हणून तर तुम्ही...?’’

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. ‘‘आमचा बापूस आमाला जाला विनायला शिकवते. म्हनून तो सांगल तीच मासली जाल्यात येते काय? तू शिक्का मारायला शिकवलास. कोनावर मारायचा ते तुला कोन इचारते?’’

बाकीच्या बाया हसायला लागल्या. मग हिरायनं आपण होऊन सांगितलं, ‘‘दोगं आलं, दोगांनी सांगितलं धक्का बांधू. मागच्या खेपंला बी सांगितलंता. होड्या लावायला अजून चिखल. ह्यो तिसरा आला, बोलला, मना दर्यातला काय बी कलत नाय, तुमी शिकवा. आमी बोललो, खोटा तरी नाय बोलत.’’

एक अपक्ष निवडून कसा येतो याबद्दल मी पुढे पुष्कळ विद्वानांचे लेख वाचले. हिरायपेक्षा जास्त कुणी सांगितलेलं नाही.

डोंगरातला ढीग मात्र उलटा होता. डॉक्टरांची खरी ताकद तिथे. आजूबाजूच्या पाड्यांवर, जिथे मी पोचलोच नव्हतो, शिडीला भरभरून मतं होती. आणि मी दोनदा गेलेल्या पाड्यांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आठव्या दिवशी वकिलांपुढे तक्ता ठेवला आणि दुसऱ्या फेरीची हकिकत सांगितली. साक्ष देतो, म्हटलं, पण सगळी देतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकडे पुन्हा पुन्हा पाहिले.

‘‘म्हणजे तुम्ही आमचाच प्रचार करत होतात, मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘आणि आम्हाला कळवलंतही नाही.’’

नमुन्याचा कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवला आणि गेले. कोर्टात कुणी गेलं नाही. डॉक्टर दिल्लीला जाऊन बसले. माझी नोकरी राहिली. गोष्ट इथे संपवली असती तर वदंतेपेक्षा जरा खरी आणि जरा गमतीची झाली असती.

पण तक्त्यात एक रकाना होता, बाद मतांचा. वकिलांना त्याच्यात रस नव्हता, कारण बाद मत कुणाचंच नसतं. माझी नजर तिथून हलेना. शिडी विसरलेल्या लोकांनी दुसऱ्या दोघांपैकी कुणाला तरी मत द्यायला हवं होतं. जिवलीच्या पाड्याचं मतदान ज्या केंद्रावर झालं तिथे तसं नव्हतं. दोघा मोठ्यांना थोडीथोडकी मतं होती, आणि बाकी जवळजवळ सगळा पाडा त्या बादच्या रकान्यात जाऊन पडला होता. माझ्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीचा पाडा. शिक्का चुकीचा मारणारी ती माणसं नव्हती. मग झालं काय?

शाळेला सुट्टी लागल्यावर मी गेलो. जिवली अंगण सारवत होती. हात धुवून तिनं मला पाणी दिलं. दोन-तीन बाया आणि एक म्हातारा येऊन बसले.

‘‘डाक्टर आला ना निवडून?’’ तिनंच पहिलं विचारलं.

‘‘आले.’’

‘‘आमाला कल्ला.’’ तिचा चेहरा फुलला. ‘‘माजा बैल त्यानंच उटवला, बुळकांड्यात. सगला पाडा त्यालाच द्यायचा होता.’’

‘‘मग दिलं का नाही?’’ हे विचारायचं नसतं, पण तोंडून गेलं.

‘‘कसा देनार? कागदावं त्याच्या म्होरं शिडी. तू सांगितलास शिडी इसर. सरकारनं सांगितला.’’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रस्ता का बदलला हे सांगावं तसं ती सांगत होती. ‘‘आमी आदल्या दिशी बसलो. शिडीवं मारायचा तर सरकारचा हुकूम मोडते. दुसऱ्यावं मारायचा तर डाक्टरला काय तोंड दावायचा? मंग ठरवला, कोनावंच नाय मारायचा. कोरा कागद, घडी केली, टाकला. डाक्टर शाना हाय. कोरा बघून त्याला कलंल, ह्ये आपलं मानूस.’’

म्हातारा मान हलवत होता. सगळ्या पाड्यानं विचार करून, एकमतानं, शिस्तीनं घेतलेला निर्णय होता तो. मला वाटलं होतं भोळी माणसं आहेत, सांगितलं तसं करतील. माझ्या एका अर्ध्या वाक्यानं किती अवघड पेच पडला होता, आणि त्यांनी तो किती सचोटीनं सोडवला होता. मला तिथे बसवेना.

‘‘पोचला ना आमचा कागद?’’ जिवलीनं विचारलं. ‘‘मोजला ना त्यात?’’

‘हो’ म्हणालो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. डॉक्टर निवडून आलेच होते. पण एकदा घाईनं बोलून झालं होतं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘कोरा कागद मोजत नाहीत. फेकून देतात. शिडीवरच मारायचं होतं, जिवली. चूक माझी होती. सरकारनं काही सांगितलेलं नव्हतं, ते माझं मीच सांगितलं.’’

 एक बाई उठून आत गेली. जिवली सारवलेल्या ओल्या अंगणाकडे पाहत होती. मग तिनं शांतपणे विचारलं, ‘‘परत कदी हाय?’’

‘‘पाच वर्षांनी.’’

‘‘तवा तू येऊ नको, मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘आमचा आमी करू.’’

रागानं नाही म्हणाली. निघताना तिनं मला पाण्याचा तांब्या पुन्हा भरून दिला, वाटेत ऊन आहे म्हणाली.

डॉक्टर दिल्लीहून सुट्टीत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाड्याचं नाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे चालत गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या निवडणुकीपर्यंत बराच बदल झाला होता. तारापूरला अणुकेंद्राचं काम चालू होतं, बोईसरच्या फलाटावर हिंदी ऐकू यायला लागली होती, आणि पाड्यावरची पोरं तिकडे कामाला जात होती. मतदान शिकवायला मला पुन्हा हुकूम आला. मी आजारपणाचा दाखला जोडला. सबंध नोकरीत दिलेला तो एकच खोटा दाखला.

डॉक्टर त्या खेपेला पडले. चिन्ह त्यांना वेगळंच मिळालं होतं, आणि मोठ्या पक्षांनीही मधल्या काळात पाड्यांची वाट शोधली होती. निकालानंतर मी कचेरीत जाऊन फक्त एका केंद्राचा आकडा पाहायला मागितला. मत कुणाला पडलं तो रकाना मी झाकून घेतला. ती त्यांची बाब होती. मला शेवटचा रकाना पाहायचा होता. पाडा झाडून मतदानाला आला होता, आणि बाद मत एकही नव्हतं.